पट्टा बांधल्यावरचं एक मिनिट

दंडाला पट्टा बांधला की माझ्या हातात एक मिनिट असतं. त्याहून जास्त वेळ दंड आवळून ठेवला तर खाली तुंबलेलं रक्त दाट होतं आणि रिपोर्टातले आकडे खोटं बोलायला लागतात. तेवढ्यात शीर शोधायची, सुई घालायची आणि नळीत रक्त उतरायला लागलं की पट्टा सोडायचा.

शीर डोळ्यांनी शोधायची नाही, हे आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. वरवर दिसणारी निळी शीर बऱ्याचदा फसवी. सुई टेकली की बाजूला पळते. कामाची शीर कोपराच्या खळग्यात, जरा आत असते. तर्जनीच्या टोकानं दाबली की खाली जाते, सोडली की उसळून बोटाला भेटायला येते. ठणठण उडत असेल तर ती धमनी, तिच्या वाटेला जायचं नाही. बोट ठेवायचं आणि थांबायचं. बोट घाईत असलं तर त्याला काहीच कळत नाही, सगळा हात सारखाच लागतो.

मी १९९४ पासून इंदुरात रक्त काढते. आधी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये, आता एका छोट्या पॅथॉलॉजीत. सकाळी सहा ते साडेनऊ घरोघरी जाऊन नमुने गोळा करायचे, मग दुपारपर्यंत लॅब. लोक मला सिस्टर म्हणतात. मी नर्स नाही हे सांगून सांगून थकले. मराठी घरांत ताई, बाकी सगळीकडे दीदी. फास्टिंग म्हणजे काय यावर एक वेगळंच पान लिहिता येईल. ‘कुछ नहीं खाया दीदी, बस थोड़े से पोहे,’ हे मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते, आणि पोह्यांवरचा जिरावन मसाला अजून ओठाला लागलेला असतो. इंदूरकर पोह्यांना खाणं समजतच नाही, त्याला कोण काय करणार.

परवा भाची राहायला आली होती. पाणी प्यायला पहाटे उठली आणि मला अंधारात खुर्चीवर बसलेली बघून दचकली. ‘आत्या, तू करतेस काय गं अशी बसून?’ तिला जे उत्तर दिलं ते धड नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

सुरुवात रामबागेतल्या आजींपासून करावी लागेल. २०१९ चा डिसेंबर होता. यादीत चौदा घरं, आणि डोक्यात मुलीच्या होस्टेलची फी, आदल्या रात्रीचं नवऱ्याशी झालेलं भांडण, स्कूटीचा ब्रेक. आजी ब्याऐंशी वर्षांच्या, कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा. मी पट्टा बांधला, दिसली ती निळी शीर धरली, सुई घातली. शीर पळाली. सुई आतल्या आत फिरवून शोधली, जे कधी करायचं नसतं. मग दुसऱ्या हाताला दोनदा. तिसऱ्या वेळी रक्त आलं. आजींनी हूं की चूं केलं नाही. ‘बोळा दाबून धरा हं,’ म्हणून मी जिना उतरले. अशा हाताला तो बोळा मी स्वतः धरायला हवा होता, चांगली पाच मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी फोटो पाठवला. कोपरापासून मनगटाकडे पसरलेला डाग, जांभळं खाऊन हात पुसावा तसा. लॅबमध्ये म्हणाले, होतं असं म्हाताऱ्या माणसांना. होतं हे खरंच आहे. पण मला माहीत होतं की हे झालं नव्हतं, मी केलं होतं. संध्याकाळी माफी मागायला गेले. आजींनी आधी चहा टाकायला लावला, मग म्हणाल्या, ‘अगं, तू काल आली होतीस कुठे? नुसती सुई आली होती.’

रागानं नाही म्हणाल्या. एखादं साधं निरीक्षण सांगावं तसं म्हणाल्या, आणि बिस्किटाची बशी पुढे केली. ते बिस्किट घशाखाली उतरेना.

त्या रात्री मला कुठलंही प्रवचन आठवलं नाही. आठवला तो बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला जकातदार. पुढे उभा असलेला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी, स्वतःच्या उपासांचा आणि दशमांशाचा हिशेब देवाला ऐकवतोय, आणि हा मागे उभा, वर बघायचीही हिंमत नाही, छाती बडवत एकच वाक्य म्हणतोय: ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती चर्चांनी याच हाकेला येशूचं नाव जोडून आपली छोटीशी अखंड प्रार्थना घडवली, जी त्यांचे साधू श्वासाबरोबर म्हणत आले, हे मला फार पुढे कळलं. त्या रात्री मी ती म्हटली कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

आता आमच्या घरात प्रार्थना म्हणजे काय होती तेही सांगते. प्रार्थना म्हणजे बोलणं. वडील जेवायच्या आधी डोळे मिटायचे आणि सरकारपासून शेजारच्यांच्या आजारी गाईपर्यंत सगळ्यांना देवाच्या हवाली करायचे. तोवर भात निवायचा. आम्ही भावंडं एक डोळा किलकिला करून आमटीवर धरलेली साय बघत बसायचो. त्या प्रार्थनेला मी नावं ठेवत नाही. वडिलांच्या यादीत जो एकदा आला तो कधी गळला नाही. पण देवाला मध्ये एक शब्द बोलायला फट मिळाली असेल असं मला वाटत नाही.

महिन्यातून एकदा मी एका कॉन्व्हेंटमध्ये साखरेचे नमुने घ्यायला जाते. तिथल्या एक वयस्क सिस्टर, मूळच्या केरळच्या, सुईच्या वेळी हात पुढे करून डोळे मिटायच्या. भीतीनं मिटणारे डोळे मला ओळखू येतात. कपाळाला आठ्या पडतात, खांदे कानांपर्यंत चढतात. यांचं तसं काही नसायचं. रामबागेचं प्रकरण झाल्यावर मी त्यांना विचारलं, ‘सिस्टर, आप उस वक़्त कौन-सी प्रार्थना बोलती हैं?’ त्या म्हणाल्या, ‘बोलती नहीं. बैठती हूँ.’

बसणं! आमच्या इंदुरात ‘आज बसायचं का?’ याचा अर्थ काय होतो ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. पण या प्रार्थनेला मराठीत मला अजून चांगला शब्द मिळालेला नाही. चिंतन म्हणावं तर त्यात विचार आला, मनन म्हणावं तर तेच. ध्यान म्हटलं की लोक पाठ ताठ करून बसतात. म्हणून घरी आम्ही बसणंच म्हणतो आणि नवरा दर वेळी तोच विनोद करतो.

सिस्टरांनी जे शिकवलं ते दोन मिनिटांत सांगून झालं. खुर्चीवर बस, पाठीला आधार घेतलास तरी चालेल. एक छोटा शब्द निवड. तो मंत्र नाही, जप नाही. देवा, मी इथे आहे आणि तू इथे असायला माझी ना नाही, एवढंच सांगणारी ती खूण. मन कुठे गेलेलं लक्षात आलं की तो शब्द हळूच म्हण आणि परत ये. वीस मिनिटं. दिवसातून दोनदा. संपल्यावर लगेच उठू नकोस.

ही पद्धत या स्वरूपात फार जुनी नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, स्पेन्सर गावच्या ट्रॅपिस्ट पंथाच्या कॅथलिक मठात विल्यम मेनिंगर, बेसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग या तीन साधूंनी ती सामान्य माणसांसाठी बसवली. तरुण मंडळी ध्यान शिकायला पूर्वेकडे निघाली होती. आपल्याच घराच्या माळ्यावर काय पडलंय ते यांनी खाली काढलं. मेनिंगर यांना ते सापडलं चौदाव्या शतकातल्या एका निनावी इंग्रज लेखकाकडे, ज्यानं लिहून ठेवलंय की देवाला विचारानं धरता येत नाही, प्रेमानं येतं, आणि शब्द हवाच असेल तर एका अक्षराचा, छोटासा घ्यावा. त्याच्याही मागे गेलं तर इजिप्तच्या वाळवंटातले साधू भेटतात. प्रेषित पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलं, ‘निरंतर प्रार्थना करा’. आपण ते वाचून पान उलटतो, त्यांनी ते अक्षरशः घेतलं. जॉन कॅसियन नावाच्या साधूनं पाचव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची युक्ती लिहून ठेवली आहे: सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ, देवा माझ्या मदतीला धावून ये, एवढीच धरायची, उठता बसता, भूक लागली तरी, झोप येत नसली तरी.

मी शब्द निवडला ‘अब्बा’. येशूच्या बोलीतला बापाला हाक मारायचा शब्द. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना त्यानं तोच वापरला, मार्कनं तो ग्रीकमध्ये लिहितानाही तसाच ठेवला. फार विचार करून, अगदी शास्त्रशुद्ध निवडला होता. आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. तीन-चारदा म्हटल्यावर त्याचा ‘आबा’ झाला आणि समोर माझे आजोबा येऊन बसले.

आबा नगरचे. मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून ते इंदुरात आले. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांचं काम इथे १८७७ पासून, त्यांचं ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं. आबा त्यामानानं उशिरा आले. येताना पत्र्याच्या ट्रंकेत मराठी पवित्र शास्त्र, मराठी गीतांचं पुस्तक आणि औषधाचा खल. नगर सोडून अहिल्याबाईंच्या गावात आलो, असं ते म्हणायचे. २०२४ मध्ये नगरचंच नाव अहिल्यानगर झालं तेव्हा वाटलं, हे ऐकायला आबा हवे होते. म्हणाले असते, मग एवढा प्रवास कशाला केला?

तर अब्बा म्हणायचं आणि आबांचा धोतराचा सोगा दिसायचा. सिस्टरांना सांगितलं, शब्द बदलू का? त्या हसल्या. म्हणाल्या, ‘आने दो. वे भी बैठें.’ तेव्हापासून आबाही बसतात.

वीस मिनिटांत काय घडतं ते आता खरं खरं सांगते. काही नाही. फ्रीजमधली कणीक आंबट झाली असेल. ३०२ वाल्यांनी मागच्या महिन्याचे पैसे दिले नाहीत. अब्बा. ती राखाडी टोपीच्या नळ्यांची ऑर्डर. अब्बा. पाय आखडला. आपण आता शांत झालोय की काय? हाही विचारच. अब्बा. मग मान छातीवर आणि सरळ डुलकी. कीटिंग यांच्या शिबिरातली एक गोष्ट सांगतात: एक नन रडकुंडीला येऊन म्हणाली, वीस मिनिटांत माझ्या मनात दहा हजार विचार आले. ते म्हणाले, वा, म्हणजे देवाकडे परत यायच्या दहा हजार संधी! गोष्ट गोड आहे. मला वाटतं त्या नननं बाहेर जाऊन दात-ओठ खाल्ले असतील.

या विषयावरची पुस्तकं सगळी शांततेनं थबथबलेली असतात, ते मला पटत नाही. त्यापेक्षा ब्रदर लॉरेन्स मला जवळचे. सतराव्या शतकातले, पॅरिसच्या कार्मेलाइट मठातले. आधी सैनिक होते, पायानं अधू झाले, मठात त्यांना स्वयंपाकघर दिलं. लोक त्यांचं चित्र असं रंगवतात की भांडी घासताना जणू देवदूत गात होते. मुळात त्यांना स्वयंपाकघराचा तिटकारा होता. आणि ठरलेल्या वेळेच्या ध्यानात त्यांचंही मन भटकायचं, आवरायचं, पुन्हा भटकायचं. पुढे ते मठातल्या चपला दुरुस्त करायचे. १६९१ मध्ये वारले. स्वयंपाकघरातल्या गडबडीत, चार जण एकदम चार गोष्टी मागत असताना आणि वेदीपुढे गुडघे टेकलेले असताना आपल्याला देव सारखाच जवळ असतो, असं ते सांगत. पण तिथवर यायला त्यांना वर्षानुवर्षं लागली, हा भाग प्रवचनात गळतो.

प्रवचनावरून आठवलं. मार्था आणि मरीया या बहिणींकडे येशू येतो ती गोष्ट आली की मार्थेची धुलाई ठरलेली. ती कामात, मरीया येशूच्या पायाशी, मरीयेनं चांगला वाटा निवडला, बसा खाली. कुणी योहानाचा अकरावा अध्याय उघडत नाही. भाऊ मेल्यावर उठून गावाबाहेर येशूला सामोरी गेली ती मार्थाच, आणि ‘तू देवाचा पुत्र ख्रिस्त आहेस’ असं स्वच्छ शब्दांत म्हणालीही तीच. मरीया तेव्हा घरात बसून होती. असो. माझी पुरोहितगिरी पुरे.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी हे बोलले तेव्हा एका पाहुण्या पाळकसाहेबांनी सावध केलं: मन रिकामं ठेवू नये, रिकाम्या घरात सैतान शिरतो. मी म्हटलं, साहेब, रिकामं होतंय कुठे? सहा वर्षं खटपट करतेय. लॅबमधल्या सहकाऱ्याला वाटतं मी विपश्यना करते. तो इगतपुरीला दहा दिवस जाऊन आलाय आणि मला श्वास बघायला सांगतो. मी त्याला सांगते की मी काही बघत नाही, मी कुणाजवळ तरी बसते. शेजारच्या काकू संध्याकाळी हरिपाठ म्हणतात, हातात माळ असते. त्यांचं नामस्मरण आणि माझं बसणं यांत फरक आहे. त्यांच्याकडे नाम हाच ठेवा, माझ्याकडे शब्द म्हणजे चुकलेल्या मुलाचा दंड धरून घरी आणणारा माणूस, घर आलं की तो बाहेर थांबतो. पण काकूंना ते जास्त चटकन कळलं. आमचे रेव्हरंड टिळक, म्हणजे नारायण वामन, म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आमच्या घरात हे वाक्य आबांच्या तोंडी असायचं. पूल म्हटला की त्यावर दोन्ही बाजूंनी वाहतूक असणार, एवढं मी त्यात घालते.

दुसरी वीस मिनिटं मला बरीच वर्षं जमत नव्हती. संध्याकाळी घरी कुकरच्या शिट्ट्या, बातम्या, दारावर कुणीतरी. शेवटी ती मिळाली लॅबमध्येच, ईएसआरच्या, म्हणजे लाल पेशी खाली बसायचा वेग मोजायच्या तपासणीच्या, स्टँडसमोर. मोठ्या लॅबमध्ये आता त्याची यंत्रं आली, आमच्याकडे अजून ती जुनी उभी नळी आहे. आल्फ वेस्टरग्रेन या स्वीडनच्या डॉक्टरानं शंभर वर्षांपूर्वी बसवलेली रीत. सायट्रेट मिसळलेलं रक्त २०० मिलिमीटर उंचीपर्यंत भरायचं, नळी अगदी सरळ उभी करायची आणि एक तास तिला हात लावायचा नाही. लाल पेशी आपल्या वजनानं खाली बसत जातात, वर पिवळसर पाणी स्वच्छ होत जातं. तासानं तो पिवळा पट्टा किती उतरला ते मोजायचं. नळी जरा कलली, टेबल हललं, बाजूला सेंट्रिफ्यूज घुमत असलं तरी आकडा चुकतो. घाई करायची सोयच नाही. चाळीस मिनिटांत वाचून दीडनं गुणलं असं करता येत नाही. शिकाऊ मुलं एकदा तरी करून बघतात.

तर अकराच्या सुमाराला नळ्या लावल्या की मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसते. वीस मिनिटं. बाकीचे समजतात मॅडम रिडिंगची वाट बघतायत. तेही खोटं नाही. डोळे उघडे असतात, समोर चार-पाच लोकांचं रक्त निमूट बसत असतं. मी ज्यांना सकाळी भेटले त्यांचंच. कधी कधी शब्द लागतच नाही.

एकदा मात्र हे सगळं बंद पडलं होतं. २०२२ मध्ये आई गेली, आठ दिवस व्हेंटिलेटरवर राहून. त्यानंतर बसलं की शांततेत तोच आवाज यायचा, यंत्राचा, ठरलेल्या लयीत. पंधरा दिवस रेटून पाहिलं, छाती धडधडायला लागायची. सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्या ठामपणे म्हणाल्या, बसायचं नाही. चालायचं. स्तोत्रं मोठ्यानं म्हणायची, भांडायचं असेल तर भांडायचं. तीन महिने मी कॉलनीच्या बागेत फेऱ्या मारत तेरावं स्तोत्र म्हटलं, ज्यात दावीद सरळ विचारतो की देवा, आणखी किती दिवस मला विसरणार आहेस. मॉर्निंग वॉकवाल्या बायका मला वळसा घालून जायच्या. ज्यांची जखम ताजी आहे त्यांनी गप्प बसायचा हट्ट धरू नये, हे मी भाचीलाही सांगितलं.

शब्दावरून आणखी एक. माझ्या नोकरीचं पहिलंच वर्ष होतं, २५ फेब्रुवारी १९९५. उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया यांना भोसकून मारलं. भूमिहीन आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवायचं काम त्या करत होत्या. शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी येशूचं नाव होतं असं सांगतात. त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, तीही नन, पुढे तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच राणी मारियांना कॅथलिक चर्चनं धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. आम्ही प्रोटेस्टंट, संतांच्या याद्या आमच्यात नाहीत. पण तेव्हापासून मला एक कोडं आहे. तशा वेळी तोंडून तोच शब्द यायला तो आत किती खोल मुरलेला असावा लागतो? माझी सुई चुकली तर माझ्या तोंडून अजून ‘अरे बापरे’ येतं. त्यातही बाप आहेच म्हणा.

रामबागेतल्या आजी आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. त्यांच्या घरून फोन येतो तो माझं नाव घेऊन. मी गेले की दोन्ही हात पुढे करतात आणि विचारतात, ‘आज आली आहेस ना?’ कधी मी प्रामाणिकपणे सांगते, अजून थोडी यायचीये, थांबा. मग आम्ही दोघी थांबतो. पट्टा त्यानंतर बांधते.

गेल्या सप्टेंबरात खजराण्यात एका घरी गेले होते, दर्ग्याकडून आत वळणाऱ्या गल्लीत. सकाळचे साडेसात. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत पुढे गेली होती. पंख्याखाली चटईवर तिशीचा माणूस, चौथ्या दिवसाचा ताप. डेंग्यूची शंका, प्लेटलेट बघायच्या होत्या. तापात पाणी न पिता पडून राहिलेल्या माणसाच्या शिरा आत जाऊन दडतात. बायको दाराशी, पदर तोंडाला लावून. आणि चार वर्षांचा मुलगा बापाच्या गळ्याला मिठी मारून.

मी पट्टा बांधला आणि तो किंचाळला, ‘अब्बा!’ मग थांबेचना. अब्बा, अब्बा, अब्बा, श्वास घ्यायलाही उसंत नाही.

माझं बोट त्याच्या बापाच्या कोपराच्या खळग्यात होतं. दोन-अडीच तासांपूर्वी अंधारात हाच शब्द मी मनातल्या मनात, उच्चार सांभाळून, आबा होऊ न देता म्हटला होता. हा पोरगा काही सांभाळत नव्हता. शेंबूड, लाळ, सगळं त्या शब्दात. आणि बाप कुठे लांब गेलेला नव्हता. त्याच्याच तर गळ्याला तो लटकला होता, दोन्ही हातांनी घट्ट धरून त्यालाच हाक मारत होता. बापानं डोळे उघडले नाहीत. नुसता मोकळा हात उचलून पोराच्या पाठीवर ठेवला.

पट्टा बांधून किती वेळ झाला ते मला कळलं नाही. सोडला. दोन मिनिटं जाऊ दिली. पुन्हा बांधला, बोट ठेवलं आणि थांबले. खोल, जरा बाहेरच्या अंगाला, काहीतरी मऊ उसळून बोटाला लागलं.

जांभळ्या टोपीची नळी भरली. आठ वेळा उलटीसुलटी केली, हळू; जोरात हलवली तर पेशी फुटतात. बोळा मीच दाबून धरला. मुलगा उचक्या देत बघत होता.

‘हो गया?’

‘हो गया.’

नळीवर नाव लिहिलं, वेळ लिहिली, सात चाळीस, आणि डब्यात उभी ठेवली.